फर्नांदो रेयचा आवाज आणि आपला डबिंगचा वाद

फिल्म क्लबच्या हॉलमध्ये स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएलचा शेवटचा सिनेमा, १९७७चा ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’, संपला. दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. पडद्यावर पावणेदोन तास ज्याला पाहिलं तो फर्नांदो रेय हा स्पॅनिश नट, पण कानावर पडलेला फ्रेंच आवाज मिशेल पिकोली या फ्रेंच नटाचा, असं कुणीतरी सांगितलं. लगेच मागच्या रांगेतला एक तरुण उठून म्हणाला, “म्हणजे आज आपण रेयचा अभिनय पाहिलाच नाही.” बऱ्याच माना डोलल्या. मग गाडी नेहमीच्या रुळावर गेली. दक्षिणेचे सिनेमे हिंदीत डब होतात, कोरियन मालिका हिंदीत बोलतात, ही कलेची हत्या आहे, असं एका बाजूने सांगितलं गेलं. दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं होतं: लोकांना कळतंय ना, मग तुमच्या पोटात का दुखतं?

हा वाद मी अनेक वर्षं ऐकतो आहे आणि तो दर वेळी चुकीच्या जागी अडतो. डबिंग पवित्र की पापी, एवढ्यावरच सगळे भांडतात. माझं म्हणणं असं की आवाज बदलणं हे एक साधन आहे आणि साधनाला जाब विचारण्यात अर्थ नाही. जाब विचारायचा तो माणसांना. आवाज कुणी बदलला? कशासाठी? ज्याचा आवाज गेला आणि ज्याचा आला, त्या दोघांना विचारलं होतं का? आणि मूळ आवाज ऐकायची वाट प्रेक्षकाला मोकळी ठेवली की बंद केली? हे पटवून द्यायला फर्नांदो रेयच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्या तरुणाने नेमकं त्याच नटाचं नाव घ्यावं, याची मला हळहळ वाटली.

रेयचं खरं नाव फर्नांदो कासादो अरांबियेत. जन्म १९१७चा, स्पेनच्या गॅलिशिया प्रांतातल्या ला कोरुन्या या बंदराच्या शहरातला. वडील लष्करी अधिकारी आणि प्रजासत्ताकाच्या बाजूचे. मुलगा वास्तुरचनेचं शिक्षण घेत होता. १९३६ला यादवी युद्ध पेटलं, शिक्षण सुटलं आणि तोही वडिलांच्या बाजूने लढला. १९३९ला प्रजासत्ताकाविरुद्ध लढणारा सेनापती फ्रँको जिंकला आणि हुकूमशहा झाला. हरलेल्या बाजूच्या अधिकाऱ्याच्या मुलाला त्या स्पेनमध्ये कोणती दारं उघडी असणार? सिनेमात गर्दीतला एक म्हणून उभं राहायचं काम मिळालं, पुढे छोट्या भूमिका मिळाल्या, आणि त्याबरोबर डबिंगच्या स्टुडिओत काम मिळालं. आवाज खर्जातला, घरंदाज, शब्दांना घाई नसलेला. या माणसाचा चेहरा देशाला ओळखीचा व्हायच्या आधीपासून त्याचा गळा पोट भरत होता. १९५३च्या ‘बिएनवेनिदो मिस्टर मार्शल’मध्ये तो कुठेच दिसत नाही, तरी सगळ्या गावाची गोष्ट तोच सांगतो. स्पेनच्या सर्वांत लाडक्या सिनेमांपैकी हा एक, आणि त्यात रेय म्हणजे फक्त आवाज. ‘आवाज नसला तर रेयच नाही’ म्हणणाऱ्याने दोन घटका थांबून विचार करावा. ज्या सिनेमात आवाजच आहे आणि अंग नाही, तिथे रेय किती उरतो? अर्धा?

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही. पहिला मुद्दा असा की आवाज हे शरीर आहे. श्वास कुठे तुटतो, ओठ मिटायच्या आधी स्वर कुठे खाली जातो, हे सगळं त्या एका छातीतून आणि त्या एका आयुष्यातून येतं. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने १९४५मध्ये डबिंगवर टीका करताना ग्रीक पुराणातल्या कायमेराची आठवण काढली होती. सिंहाचं डोकं, बकरीचं धड आणि सापाची शेपटी असलेला तो प्राणी. एका बाईचा चेहरा आणि दुसरीचा आवाज जोडणं त्याला तसलंच वाटलं. ही तक्रार मला मनापासून कळते. बुन्युएलच्या ‘विरिदियाना’त रेयचा डॉन हाइमे आपल्या भाचीला मृत बायकोचा लग्नाचा पोशाख घालायला सांगतो. त्या विनंतीत लाज, लालसा आणि एकटेपण एकाच दमात आहेत. ते ऐकल्यावर दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून ते वाक्य ऐकायची इच्छा राहत नाही. काहीतरी जातं, हे मान्यच केलं पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. स्पेनमध्ये डबिंग प्रेक्षकांच्या आवडीने आलं नाही, ते हुकुमाने आलं. २३ एप्रिल १९४१च्या आदेशाने परदेशी सिनेमा स्पॅनिशखेरीज दुसऱ्या भाषेत दाखवायला बंदी झाली. कल्पना मुसोलिनीच्या इटलीकडून उचललेली होती. हेतू भाषेच्या शुद्धीचा सांगितला गेला, पण हाती आली कात्री. ‘कॅसाब्लांका’ या अमेरिकन सिनेमाचा नायक रिक स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला होता, ही गोष्ट डबिंगमध्ये पुसली गेली. ‘मोगँबो’मध्ये एका विवाहित बाईचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम बसतं. व्यभिचार दिसू नये म्हणून तिला आणि तिच्या नवऱ्याला भाऊ-बहीण करून टाकलं गेलं, आणि परिणामी पडद्यावर मूळच्यापेक्षा कितीतरी भयंकर काहीतरी दिसायला लागलं. रेयसारखा माणूस, ज्याचं घर फ्रँकोच्या विरोधात लढलं होतं, याच यंत्रणेतल्या स्टुडिओत माइकसमोर उभा राहून पोट भरत होता. ही वेदना साधी नाही, आणि डबिंगचा इतिहास सांगताना ती लपवणं बेइमानी ठरेल.

पण या दोन्ही मुद्द्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, की डबिंग म्हणजेच गळचेपी, तो टिकत नाही. ‘विरिदियाना’चंच पुढे काय झालं ते पाहा. बुन्युएल परागंदा होता. १९६१मध्ये तो स्पेनमध्ये परत येऊन सिनेमा करतो, तोही स्पॅनिशमध्ये, बहुतेक स्पॅनिश नटांना घेऊन. मूळ शेवट असा होता की विरिदियाना रात्री आतेभावाच्या खोलीचं दार ठोठावते आणि ते तिच्यामागे बंद होतं. सेन्सॉरला तो चालेना. मग बुन्युएलने तिला त्या भावाबरोबर आणि मोलकरणीबरोबर पत्ते खेळायला बसवलं, आणि तो डाव दारापेक्षा जास्त बोलून गेला. सिनेमाला कान महोत्सवात पाम डोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने निषेध केला. ज्या सरकारी अधिकाऱ्याने मोठ्या हौसेने पुरस्कार स्वीकारला होता त्याची नोकरी गेली, आणि स्पेनमध्ये सिनेमावर बंदी आली. ती उठली १९७७मध्ये. म्हणजे रेयने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या देशात केलेलं आयुष्यातलं एक थोर काम त्याच्या देशाने १६ वर्षं ऐकलं नाही. त्याच्या आवाजाला कुणीही हात लावला नव्हता. एक अक्षरही डब न करता एका नटाला मुकं करता येतं. सत्तेला कात्री हवी असली तर ती पटकथेत सापडते, परवान्यात सापडते, थिएटरच्या कुलुपात सापडते. डबिंग नसतं तर फ्रँकोच्या सेन्सॉरने हात जोडून ‘कॅसाब्लांका’ जसाच्या तसा दाखवला असता का?

याच साधनाने पुढे उलटं कामही केलं, आणि आपल्या वादात ते कुणी बोलत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. फ्रँकोच्या आदेशातली स्पॅनिश म्हणजे फक्त कास्तिलियन. कातालान, बास्क आणि रेयच्या जन्मगावची गॅलिशियन या भाषांना पडद्यावर जागाच नव्हती. हुकूमशाही गेली, स्वायत्त प्रांत आले, आणि १९८०च्या दशकात कातालान भाषकांच्या बार्सेलोनाला टीव्ही-थ्री ही वाहिनी आणि गॅलिशियाला तिथली वाहिनी सुरू झाली. या वाहिन्यांनी पहिल्यांदा काय केलं? अमेरिकन मालिका आपापल्या भाषेत डब केल्या. ‘डॅलस’मधला टेक्सासचा तेलसम्राट कातालानमध्ये बोलायला लागला आणि घराघरात ऐकला गेला. ज्या भाषेत शाळेत बोललं की शिक्षा व्हायची, ती भाषा आता जगातली सगळ्यात झगमगीत माणसं बोलत होती. जी भाषा चाळीस वर्षं घरात कोंडली होती तिला शहरी, चटपटीत, भांडकुदळ, लाडिक असे सगळे सूर पुन्हा मिळवून द्यायला याचा उपयोग झाला. जे हत्यार हुकूमशहाने भाषा मारायला वापरलं, तेच त्या भाषांनी उभं राहायला वापरलं. मग दोष हत्याराचा कसा?

तिसरा एक आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. परदेशी सिनेमा आपल्या भाषेत बोलायला लागला की देशी सिनेमाची एकमेव मक्तेदारी जाते. स्पेनमध्ये हेच झालं. हॉलिवूडकडे पैसा होता, तारे होते, फक्त स्पॅनिश नव्हती. सरकारने सक्ती करून तीही दिली. कन्नड सिनेमाने हे संकट ओळखून १९६०च्या दशकापासून डबिंगविरुद्ध भिंत उभी केली. कायदा नव्हता, पण संघटनांचा दबाव कायद्याहून पक्का होता. छोट्या उद्योगाने जीव वाचवायला घेतलेला तो पवित्रा होता, त्याला मी हसणार नाही. तरी २०१५मध्ये स्पर्धा आयोगाने ही अडवणूक बेकायदा ठरवली, आणि तीनच वर्षांनी कन्नडमधलाच ‘केजीएफ’ पाच भाषांत एकदम आला आणि देशभर चालला. भिंत दोन्ही बाजूंनी अडवते. आपला शेजारी आपल्या भाषेत येऊ नये, पण आपण मात्र त्याच्या भाषेत जावं, हे कुठल्या न्यायात बसतं? देशी सिनेमाला जपायचं तर थिएटरचे खेळ, भाडं, अनुदान, वितरण या जागी जपावं. प्रेक्षकाच्या कानाला कुलूप लावून जपलेली कला फार दिवस जिवंत राहत नाही.

पुन्हा रेयकडे येतो, कारण ‘रेयचा अभिनय पाहिलाच नाही’ हे वाक्य मला अजून टोचतं आहे. इटलीत तेव्हा सेटवरचा आवाज वापरायची पद्धतच नव्हती. एकाच प्रसंगात एक नट इटालियन, दुसरा स्पॅनिश, तिसरा इंग्रजी बोले आणि सगळ्यांचे आवाज नंतर भरले जात. तिथल्या वेस्टर्न सिनेमांत रेयने पाद्री केले, प्राध्यापक केले. त्यातलं बरंचसं काम पोटासाठी केलेलं आहे हे पाहताना कळतं. मला त्यातला एखादाच परत पाहावासा वाटतो. मग आलं १९७१ साल आणि ‘द फ्रेंच कनेक्शन’. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला बुन्युएलच्या सिनेमातला फ्रान्सिस्को राबाल हवा होता. नाव आठवेना, निरोप अर्धवट गेला आणि विमानातून उतरला फर्नांदो रेय. त्याने दाढी काढायलाही नकार दिला. राबालला इंग्रजी येत नाही असं कळलं, म्हणून रेय राहिला. हा किस्सा इतक्यांदा सांगितला जातो की जणू त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे एक टपाली घोळ. घोळाने माणूस विमानतळापर्यंत पोचतो. भुयारी रेल्वेच्या फलाटावर जे घडतं ते घोळाने घडत नाही.

तो प्रसंग आठवा. मळकट कोटातला पोलीस पॉपाय डॉयल, म्हणजे जीन हॅकमन, आणि त्याच्यापुढे नीटनेटका, हातात छत्री घेतलेला हेरॉइनचा व्यापारी शार्निए. शार्निए डब्यात चढतो, उतरतो, परत चढतो. पोलिसाची फरफट होते. शेवटी छत्रीचं टोक दारात अडकवून तो आत शिरतो, गाडी सुटते आणि काचेमागून तो बोटं हलवून निरोप घेतो. बोलणं जवळजवळ नाहीच. सगळं चालण्यात आहे, वळण्यात आहे, कोटाच्या पडण्यात आहे. आयुष्यात कधी घाई करावी न लागलेल्या वर्गाचा सगळा माज त्या चार बोटांत आहे. इथे कुठला आवाज हरवला? ज्याचा गळा हेच भांडवल होतं त्या माणसाने परक्या भाषेत गेल्यावर सगळा आवाज हातापायांत उतरवला. भाषा ओलांडताना नट काय गमावतो याची यादी आपल्याकडे तयार असते. तो काय कमावतो हे पाहायला बसायची तयारी मात्र फारशी दिसत नाही.

आणि पिकोली? त्या दिवशी पाहिलेल्या सिनेमात रेयने केलेला माथ्यू हा फ्रेंच गृहस्थ आहे. आगगाडीच्या डब्यात बसून तो सहप्रवाशांना आपली प्रेमकथा सांगतो. आपण किती सोसलं आणि ती किती दुष्ट, हे सगळं त्याच्या सोयीने. त्या प्रेयसीचं, कोंचिताचं काम दोन वेगळ्या नटी करतात, कारोल बुके आणि आंखेला मोलिना, कधी एकाच प्रसंगात आलटून पालटून. माथ्यूच्या ते लक्षातही येत नाही. समोरच्या बाईकडे कधी न पाहिलेल्या पुरुषाची ही गोष्ट आहे. ज्याच्या अंगावर स्वतःचं कातडंही नीट बसलेलं नाही, अशा माणसाच्या तोंडी उसना गुळगुळीत आवाज असणं मला खटकत तर नाहीच, उलट ते कथेच्या पोटातलं वाटतं. पिकोली हा बुन्युएलच्याच घरचा नट, १९७२च्या ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’मध्ये तो आणि रेय दोघेही आहेत. एका मोठ्या नटाच्या देहाला दुसऱ्या मोठ्या नटाने स्वर दिला आणि दिग्दर्शकाने ते जाणून केलं. यात आणि ‘मोगँबो’तल्या भाऊ-बहिणीत काही फरकच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझा वाद आहे.

आणि हा वाद मराठी माणसाने घालावा? १९४९च्या ‘महल’मध्ये मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते तेव्हा गळा लता मंगेशकरांचा असतो. मधुबालाचा अभिनय आपण पाहिलाच नाही, असं गेल्या पाऊणशे वर्षांत कुणी म्हटलं का? बोर्हेसच्या त्या प्राण्याला आपण देवघरात बसवलं आहे. तिथे अन्याय झाला तो वेगळ्याच ठिकाणी. त्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर लताबाईंचं नाव नव्हतं. तिथे छापलं होतं ‘कामिनी’, सिनेमातल्या पात्राचं नाव. दुसऱ्याचा आवाज वापरणं हा गुन्हा नव्हता. आवाजाचा धनी लपवणं हा होता, आणि लताबाई त्यासाठी भांडल्या.

आजचा खरा वाद इथे व्हायला हवा. ‘बाहुबली’ हिंदीत शरद केळकरांच्या आवाजात बोलला, ‘पुष्पा’ श्रेयस तळपदेंच्या. ही नावं निदान आपल्याला माहीत झाली. कोरियन, तुर्की, तेलुगू मालिकांना रोज आवाज देणाऱ्या शेकडो माणसांची नावं श्रेयनामावलीत किती वेळा असतात? पुढचा भाग आपोआप सुरू होण्याच्या गडबडीत ती कुणाला दिसतात? आता तर माणसाचा आवाज यंत्राला शिकवून त्याच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून हवं ते वदवता येतं. हॉलिवूडच्या नटांनी २०२३मध्ये ११८ दिवस संप केला त्यात हा एक कळीचा मुद्दा होता: माझ्या आवाजाची नक्कल करायची तर मला विचारा आणि मला पैसे द्या. ‘डबिंग नको’ असं म्हणून या प्रश्नाला बगल देता येते, पण तो सुटत नाही.

सबटायटल हाच एकमेव प्रामाणिक मार्ग, असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. कोणत्या भाषेतलं सबटायटल? आपल्याकडे ‘मूळ आवाजात पाहा’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘इंग्रजी वाचता येत असेल तर पाहा’ असाच होतो. माझ्या आजीला मराठी वाचता येई, पण सावकाश. पडद्यावरून अक्षरं पळायच्या आत तिची ओळ संपत नसे. तिने बुन्युएल पाहू नये, असं आपण ठरवून टाकलं आहे का? मला घरातली पोरं परदेशी कार्टून मराठीत ऐकताना पाहायची आहेत, उत्तम नटांकडून, नीट पैसे देऊन, नावं ठळक लावून केलेल्या मराठीत. आणि शेजारी एक बटण हवं, ज्याने मूळ आवाज लागेल आणि खाली मराठी अक्षरं येतील. दोन्ही वाटा उघड्या. १९४१च्या आदेशाने दुसरी वाट बंद केली होती, त्याचं पाप त्यातच होतं.

त्या तरुणाला मी तेव्हा एवढं सगळं सांगू शकलो नाही. हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. जिन्यात त्याला गाठलं आणि म्हटलं, याच नटाचा त्याच वर्षीचा आणखी एक सिनेमा बघ. १९७७मध्ये ‘विरिदियाना’ अखेर स्पेनमध्ये दिसली, पिकोलीच्या आवाजातला माथ्यू आला आणि वर्ष संपता संपता तिथली सिनेमाची सेन्सॉरशिपही गेली. त्याच वर्षी स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस साउराच्या ‘एलिसा, विदा मिया’साठी रेयला कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्यात तो कास्तिलच्या माळावरच्या घरात एकटा राहणारा लेखक आहे. बऱ्याच वर्षांनी मुलगी एलिसा भेटायला येते. सिनेमा सुरू होतो तेव्हा रस्त्यावरून एक गाडी येत असते आणि रेयच्या त्या खर्जातल्या आवाजात निवेदन ऐकू येतं. वडिलांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं, हे सांगणारं. शब्द मुलीचे, आवाज बापाचा. क्षणभर कळत नाही कोण बोलतंय. मग सिनेमाभर बापाचं लिहिणं आणि मुलीचं आठवणं एकमेकांत मिसळत जातं, बाप मरतो, आणि शेवटी तेच शब्द पुन्हा येतात, या वेळी एलिसाच्या आवाजात.